डब्यातली खरखर

दत्तारामकाका,

काल तुमचं तेरावं झालं आणि संध्याकाळी काकींचा फोन आला. आधी नेहमीसारखं "जेवलंस काय रे झिला?" असं विचारलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे पाहुणे अजून गेले नसावेत. मग म्हणाल्या, "तो गच्चीवरचो डबो, तो आता कोणासाठी चालू ठेवूचो? बंद करू काय?"

मी म्हणालो, "काकी, दोन दिवसांनी सांगतो."

खरं तर यात दोन दिवस विचार करण्यासारखं काही नव्हतं. चार्जर काढला की डबा बंद. पण काकींना उत्तर देण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. एक गोष्ट मी तुम्हाला ऑगस्टमध्येच सांगायला हवी होती. सांगितली नाही. आता ती सांगितल्याशिवाय डबा चालू ठेवा म्हणायचा मला हक्क नाही, आणि बंद करा म्हणायचा तर त्याहून नाही.

डब्यात काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. पण हा कागद उद्या कुणी काकींना वाचून दाखवला तर त्यांनाही कळावं म्हणून लिहितो. चिवड्याच्या प्लास्टिकच्या डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आहे. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, देवघरातल्या लहान बल्बाएवढी वीज खातो. त्याला अंगठ्याएवढा एक रेडिओ रिसीव्हर जोडला आहे आणि त्याची वायर तुमच्या कोकणातल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, तांब्याच्या नळीच्या अँटेनाला जाते. समुद्रात गेलेल्या बोटी वायरलेसवर एकमेकींशी जे बोलतात ते रिसीव्हर पकडतो आणि कॉम्प्युटर इंटरनेटवर सोडतो. इकडे आखातात, मुसफ्फ्याच्या यार्डात, पत्र्याच्या शेडखाली, तुम्ही ते मोबाइलवर ऐकायचात. डबा फक्त ऐकतो, बोलत नाही.

हे सगळं कसं सुरू झालं ते आठवायला लागलो की मी आधी गाद्यांपाशी जाऊन पोचतो.

मी इथे आलो तेव्हा हेल्पर होतो. मुंबईच्या एजंटने टेक्निशियन सांगितलं होतं, व्हिसावर हेल्पर निघालं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील मंगळवेढ्याकडे पिठाच्या गिरणीत कामाला, आईला सही येत नाही. तीन महिने मी केबलचे ड्रम ढकलले आणि आपण पदवीधर आहोत हे खोलीत कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. ड्रम ढकलायची नव्हे, पदवीची. एका शुक्रवारी ढेकणांमुळे खोलीतल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकायचं ठरलं. माझी गादी तुम्ही उचललीत आणि खालची प्लास्टिकची फाइल उघडलीत.

"ह्या काय? बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स? आणि तू ड्रम ढकलतंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती फाइल काखेत मारली आणि मला पुढे घालून मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलात. तुम्ही वीस वर्षांचे जुने इलेक्ट्रिशियन, तरी त्या केबिनमध्ये तोवर कधी बसला नव्हतात. त्या दिवशीही बसला नाहीत. उभ्या उभ्याच म्हणालात, "सर, ये लडका पढा हुआ है. इसका हाथ खराब मत करो."

एवढंच वाक्य. महिन्याभरात मी टेस्टिंगच्या टेबलावर आलो, दीड वर्षाने ऑफिसमध्ये. तेव्हापासून तुम्ही मला नावाने हाक मारली नाहीत. "इंजिनिअर." कॅन्टीनच्या रांगेत, बसमध्ये, माझ्या बापाशी फोनवर बोलतानासुद्धा. "तुमच्या इंजिनिअराची तब्येत बरी आसा." माझा बाप त्या दिवशी गिरणीत सगळ्यांना तेच सांगत सुटला होता.

रेडिओचं खूळ तुम्हाला कुठून लागलं ते मला नीट माहीत नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर तुम्ही व्हिडिओ पाहिला होता. आधी तुम्हाला अँटेना इथेच, आपल्या लेबर कॅम्पच्या छतावर लावायची होती, जहाजं ऐकायला. मी घाबरलो. म्हटलं, "काका, इथे परवानगीशिवाय असलं काही लावलंत तर खलास. सरळ घरी पाठवतील."

तुम्ही म्हणालात, "मग घरीच लावूया."

कॉम्प्युटरचा बोर्ड इथून घेतला, सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर पाठवला. तुमचा धाकटा भाऊ बाबल, जो तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे, त्याने गच्चीवर अँटेना बांधली. मी इथे लॅपटॉपवर बसून तिकडचा कॉम्प्युटर चालवायचो आणि तुम्ही माझ्या मागे उभे राहून स्क्रीनवरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचात. खाऱ्या हवेत बोर्ड सडेल म्हणून तुम्ही तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लावलात. मी सांगत होतो, पत्र्यातून वायफाय जाणार नाही. तुम्ही म्हणत होता, पत्रा तो पत्रा, प्लास्टिक ते प्लास्टिक. दोन दिवस आपण त्यावर भांडलो. शेवटी काकींनी चिवडा परातीत ओतला आणि डबा रिकामा करून दिला. सिग्नल आला तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "चिवडो नरम पडलो असतलो आता." हरल्याचं कबूल करायची तुमची ती रीत.

मला समुद्र माहीत नव्हता. मी कोरड्या मुलखातला, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे, तोही कंपनीच्या बसच्या काचेतून. त्यामुळे पहिल्यांदा त्या मोबाइलमधून खरखर आणि त्यात चार माणसांचं ओरडून बोलणं ऐकू आलं तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तुम्ही मात्र जेवता जेवता थांबलात. इथल्या उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, उन्हामुळे मिळते ती दुपारची लांब सुट्टी होती, सगळे पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठे टाकून आडवे झाले होते. इथे दोन वाजले की तिकडे साडेतीन होतात आणि तुमच्या वाडीच्या बोटी बाहेर पडतात. एकेक तांडेल निघाल्याचं सांगत होता. मग बाबलचा आवाज आला.

"दादा, निघालंव रे."

त्याला माहीत होतं, तुम्ही ऐकताय. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि मोबाइलला म्हणालात, "हां. जा. सांबाळून."

मी हसलो. "काका, हे एकतर्फी आहे. त्याला ऐकू जात नाही."

"माका ठावक आसा रे. पण त्याना सांगल्यान, तर उत्तर नको?"

नंतर मग रोजचंच झालं. शेडमधली माणसं दोन वाजायच्या आधी गप्पा बंद करायची. ज्यांचा कोकणाशी काही संबंध नाही तेही. बाबल म्हणायचा, "दादा, निघालंव रे." तुम्ही म्हणायचात, "हां. जा. सांबाळून." मग तुम्ही मोबाइल कानापाशी ठेवून कुशीवर वळायचात आणि त्याची बोट दूर जाईपर्यंत ऐकत राहायचात. तास, कधी दीड तास. आवाज बारीक होत जायचा, खरखर वाढत जायची. मला शेवटी शेवटी नुसती खरखर ऐकू यायची. तुम्ही मध्येच हसायचात. "बाबल शिव्या घालता खलाशाक." मी म्हणायचो, कुठे? तुम्ही म्हणायचात, "ह्या काय, खाली. खरखरीच्या खाली."

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तुम्हाला तो आवाज सगळ्यांसाठी खुला करायचा होता. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, खोर फक्कानच्या बंदरात, जिथे जिथे वाडीतली पोरं आहेत त्यांनी ऐकावं. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांचं बोलणं पकडून जगभर वाटणं बरोबर नाही, कायद्याने नाही आणि तसंही नाही. तुम्ही म्हणायचात, समुद्रात ओरडून बोलणाऱ्याचं कसलं आलंय गुपित? मग रफीकभाईंचं प्रकरण झालं आणि मला वाटलं आपला मुद्दा सिद्ध झाला. रफीकभाई, तुमच्या शेजारच्या पलंगावरचे. त्यांचा मेव्हणा त्याच बंदरातल्या एका ट्रॉलरवर. एका दुपारी शेडमध्ये चाळीस माणसं ऐकत असताना तो मेव्हणा वायरलेसवर कुणाला तरी सांगत होता, "आमचो रफीक थंयसर शेख झालोसा. दोन वर्षां झाली, बहिणीक एक फोन नाय."

शेड हसून हसून गडबडा लोळली. रफीकभाई ताडकन उठून बसले. "शेख? मी शेख? इथे पंखा चालत नाही आणि मी शेख? थांब, बोट किनाऱ्याला लागू दे त्याची!" पण संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला, अर्धा तास बोलले. तुम्ही मला डोळ्याने खुणावलंत. बघ. मी म्हटलं, बघा. एकाच गोष्टीवरून आपण दोघेही जिंकलो होतो, त्यामुळे भांडण तिथेच राहिलं.

शेवटी मी पासवर्ड घातला. आठवड्याभरात एकोणीस जण ऐकायला लागले. मी चिडून विचारलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी खंय जाहीर केलंय? एकेकाक वेगळा सांगितलंय." मला अजून वाटतं या बाबतीत मी बरोबर होतो. तुम्ही असतात तर अजून भांडलो असतो. भांडायला तुम्ही हवे होतात.

आता ऑगस्टची गोष्ट.

जून-जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने डब्यात एक शब्द नसतो, फक्त खरखर. ती खरखरही इंटरनेटवरून येतच असते, काकींच्या घरचा डेटा खात असते आणि खोलीतल्या माणसांचं डोकं उठवत असते, कारण तुम्ही मोबाइल बंद करत नव्हतात. म्हणून जूनमध्ये मी इथून एक मर्यादा लावली. तिला स्क्वेल्च म्हणतात. ठरवलेल्या जोरापेक्षा कमी असेल तो आवाज ती गिळून टाकते. कुणी बोललं तरच ऐकू येतं, नाहीतर एकदम शांत. पुस्तकात मी हेच शिकलो होतो. सिग्नल कामाचा, खरखर बिनकामाची.

तुम्ही त्याच संध्याकाळी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिलात. "इंजिनिअर, माका खरखर परत दी."

"काका, तिच्यात आहे काय?"

"खरखर आसली म्हणजे कळता, घरात लाइट आसा, तार जाग्यार आसा. आता गप आसा. गप म्हणजे काय समजायचा मी?"

मी म्हटलं, ऑगस्टला बोटी निघाल्या की करून देतो. तुम्ही मान डोलावलीत. इंजिनिअर म्हणतोय ना.

ऑगस्टला बोटी निघाल्या. मी विसरलो. ऑफिसमध्ये ऑडिट होतं, मी शाबियाच्या वस्तीत वेगळ्या फ्लॅटवर राहायला गेलो होतो, दुपारी शेडमध्ये यायचं कमी झालं होतं. एक दिवस आलो तर तुम्ही मोबाइल हातात धरून बसला होतात. म्हणालात, "हल्ली बाबल अर्ध्या तासात नाहीसो होता. पयलो दीड तास गावायचो."

सगळे बघत होते. मी लगेच म्हणालो, "रेंज नसेल काका. बोटी लांब जात असतील यंदा."

तुम्ही म्हणालात, "आसात. इंजिनिअरान सांगल्यान म्हणजे तसाच."

आणि तिथून जिना चढून टेबलापर्यंत पोचायच्या आत माझ्या लक्षात आलं. रेंज नव्हे. माझी मर्यादा. बोट लांब गेली की बाबलचा आवाज बारीक होत होता आणि माझं सेटिंग तो खरखरीबरोबर गिळत होतं. खरखरीच्या खाली जे तुम्हाला ऐकू यायचं, तेच मी कापलं होतं.

परत खाली यायला एक मिनिट लागलं असतं, सेटिंग बदलायला त्याहून कमी. मी गेलो नाही. चाळीस माणसांसमोर रेंज म्हणून बसलो होतो. म्हटलं, शनिवारी निवांत बसून गुपचूप बदलू, तुम्हाला वाटेल बोटी जवळ आल्या. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. तीन आठवडे तुम्ही रोज अर्धा तास भाऊ ऐकलात आणि एक तास काहीच ऐकलं नाहीत, आणि माझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाहीत. रफीकभाईंनी मला नंतर सांगितलं, आवाज बंद झाल्यावरही तुम्ही मोबाइल कानापासून काढत नव्हतात.

तुम्ही बसमध्येच गेलात. सकाळी कामावर येताना, खिडकीपाशी. रफीकभाईंना वाटलं डोळा लागलाय. यार्डाच्या गेटवर त्यांनी खांद्याला हात लावला, "दत्ताराम, उठ, पोचलो."

पुढचे कागद मी भरले. सगळे म्हणाले, तू शिकलेला आहेस, तूच भर. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, कार्गो. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना होता, मयताशी नातं. पहिल्या फॉर्मवर मी पेन धरून इतका वेळ बसलो की काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ब्रदर, एनी प्रॉब्लेम? मी सहकारी असं लिहिलं. सगळ्या फॉर्मवर तेच लिहिलं, कारण सगळीकडे सारखं हवं असतं. ज्या इंग्रजीसाठी तुम्ही मला ड्रमवरून उठवलंत, ते तुमच्या या कामी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या पासपोर्टची कॉपी शोधायला मी खोलीत आलो. सगळे कामावर होते. तुमचा मोबाइल पलंगावर चार्जिंगला लावलेला होता, रफीकभाईंनी लावला असणार. दोन वाजत आले होते. मी उगाच डबा लावला आणि पलंगाच्या कडेला बसलो. दोन वाजले. सव्वादोन. अडीच. एक शब्द नाही. नुसती शांतता.

मला वाटलं डबा गेला. लाइट गेली असेल, कार्ड बिघडलं असेल, अँटेना पडली असेल. खरं सांगतो काका, मला ते सहन झालं नाही. तुम्ही गेलात त्याला अजून दोन दिवस झाले नव्हते आणि मी वेड्यासारखा काकींच्या घरी फोन लावला. ज्या घरात रडारड चालली आहे तिथे मी विचारत होतो, डब्याचा दिवा लागतोय का बघा.

मला वाटलं काकी चिडतील. त्यांनी फोन धरून ठेवला आणि स्वतः गच्चीवर गेल्या. पायऱ्या चढताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "डबो चालू आसा रे झिला. दिवो लुकलुकता. आज वाडीतल्या कोणीच होडी भायर काढूक नाय. माणूस गेलो काय काढनत नाय. तुका ठावक नाय?"

मला कसं ठाऊक असणार. मी त्या मुलखातला नाही. वाडीतला माणूस गेला की समुद्रात कुणी जात नाही, मग तो वाडीत गेलेला असो नाहीतर मुसफ्फ्याच्या बसमध्ये. तुमच्यासाठी अख्खं बंदर गप्प बसलं होतं आणि मी त्याला बिघाड समजलो. तुम्ही जूनमध्ये ऑफिसच्या दारात मला हेच विचारलं होतं. गप म्हणजे काय समजायचा मी?

फोन ठेवला आणि मी ती मर्यादा काढून टाकली. एवढंसं काम. पलंगावरच्या मोबाइलमधून खरखर सुरू झाली. तुमच्या घराच्या गच्चीवरची, तिथल्या हवेची. तार जाग्यावर होती. लाइट होती. मी उशीवर डोकं ठेवलं नाही, कारण उशी तुमची होती, पण तिथेच बसून राहिलो. तेव्हा सहज स्क्रीनवर किती जण ऐकताहेत तो आकडा बघितला. एकोणीस. एवढा वेळ काहीच नव्हतं आणि तरी एकोणीस जण कान लावून होते. शारजात, खोर फक्कानला, कुठे कुठे. त्यांना माहीत होतं शांतता कशाची आहे. ज्याने डबा चालू केला तो मीच एकटा त्यांच्यात अडाणी होतो.

इथवर काल लिहिलं. पुढचं आज.

सकाळी मी बाबलला फोन केला. सुतक संपलं म्हणून आज तो पहिल्यांदा बोट काढणार होता. मी त्याला सगळं सांगितलं. जूनचं, रेंजचं, तीन आठवड्यांचं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, बोलावं असंच मला वाटत होतं. तो जाळी आवरत होता बहुतेक. म्हणाला, "दादाक कळला असतला."

मी विचारलं, "मग मला बोलले का नाहीत?"

"तुका सगळ्यांसमोर खोटो कसो पाडतलो? इंजिनिअर म्हणून मिरवायचो तो तुका."

हे खरं आहे की बाबलने माझं मन राखायला सांगितलं, ते मला कधी कळणार नाही. तुम्हाला विचारायची सोय नाही. एकदाच "काय इंजिनिअर, रेंज काय म्हणता?" असं खवचटपणे विचारलं असतंत तर मी सुटलो असतो.

उन्हाळ्याची दुपारची लांब सुट्टी या आठवड्यात संपली. त्यामुळे आज दोन वाजता शेड रिकामी होती, सगळे उन्हात कामावर. पुठ्ठे कोपऱ्यात रचून ठेवलेले. मी साहेबांकडून दोन तासांची सुट्टी मागून घेतली आणि तुमच्या खांबापाशी, जिथे तुम्ही पाठ टेकायचात, तिथे बसलो. खरखर चालू होती. एकेक तांडेल बोलला. मग बाबल.

"दादा, निघालंव रे."

सवयीने म्हणाला असेल. नाहीतर मुद्दाम. बोलून झाल्यावर त्याने बटण लगेच सोडलं नाही. इंजिनाचा आवाज येत राहिला, पाण्याचा, कुणीतरी मागे खोकल्याचा. तो थांबला होता. त्याला पूर्वीही उत्तर कधी ऐकू आलं नव्हतं, आजही येणार नव्हतं.

मी इकडेतिकडे बघितलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी मोबाइल तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "हां. जा. सांभाळून."

मग बटण सुटल्याचा खट आवाज झाला.

मी काकींना फोन करून सांगितलं, डबा चालू ठेवा, मी ऐकतोय. त्या म्हणाल्या, "बरा. मग मी वायच पुसून ठेवतंय त्याका, खारो वारो लागता." एवढ्यावर ते काम संपलं.

मोबाइल परत कानाला लावला. पाऊण तासाने बाबलचा आवाज बारीक झाला. तासाभराने खरखरीत गेला. मी कान काढला नाही. आधी मला काहीच कळेना. मग खूप खाली, जिथे तुम्ही सांगायचात तिथे, कुणीतरी बोलत होतं. शब्द नाही कळले, अजून तेवढा कान नाही मला. पण चढउतार बाबलचे होते. कुणावर तरी खेकसत होता. साडेतीन वाजले तरी येत होता.

रेंज आहे, काका.